काळजाचं कुलूप आणि चावीची तलवार

मागच्या बैठकीत आपण रूपांतर आणि पुनर्कथन यावर बोलत होतो. महाभारतातलं पात्र कादंबरीत आलं की ते व्यासांचं राहतं की नव्या लेखकाचं होतं, असा वाद चालला होता. मी मध्येच म्हणाले, "‘किंग्डम हार्ट्स’मध्ये अगदी हाच घोळ आहे." चारजण हसले. एकीने विचारलं, "तो डोनाल्ड डकवाला गेम?" सर म्हणाले, "हसू नका. आणि तू तोंडी वाद घालण्यापेक्षा लिहून आण." तर आणलंय.

हो, तोच डोनाल्ड डकवाला गेम. २००२ च्या मार्चमध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर आला. स्क्वेअर ही ‘फायनल फँटसी’ बनवणारी जपानी कंपनी आणि डिस्नी, या दोघांचा मिळून. नायक सोरा, चौदा वर्षांचा. बेटावर राहतो, रिकू आणि कायरी हे त्याचे मित्र, आणि तिघं तराफा बांधून बाहेरचं जग बघायला निघणार असतात. एका रात्री अंधार येतो आणि बेटच गिळून टाकतो. सोरा उरतो, हातात एक भलीमोठी चावी घेऊन. तिला कीब्लेड म्हणतात. तिने मारामारीही होते आणि जगांची कुलपंही लागतात. मग हरवलेल्या मिकी राजाला शोधत फिरणारे डोनाल्ड आणि गूफी त्याला भेटतात, आणि तिघं एका जगातून दुसऱ्या जगात जातात: अ‍ॅलिसचं वंडरलँड, अल्लादीनचं अग्राबा, पीटर पॅनचं नेव्हरलँड. वाटेत ‘फायनल फँटसी’तली माणसंही भेटतात. क्लाऊड भेटतो, एरिथ भेटते, स्क्वॉल तर नाव बदलून लिऑन म्हणून वावरत असतो.

ज्यांनी गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी एक खुलासा. अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग म्हणजे मारामारी तिथल्या तिथे, बटण दाबाल तसा वार. पण सोबत पात्राची ताकद, जादू, हत्यारं हळूहळू वाढत जातात. जुन्या ‘फायनल फँटसी’त आधी तू मार, मग मी, अशी पाळी असायची. इथे पाळी नाही.

हे लग्न जुळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ६४’ आल्यावर स्क्वेअरमधले शिंजी हाशिमोतो आणि हिरोनोबू साकागुची बोलत बसले होते, की असा मोकळेपणाने हिंडता येणारा गेम आपणही करावा. पण मारिओपुढे टिकेल एवढं ओळखीचं पात्र कुठून आणणार? तसं फक्त डिस्नीकडे आहे, असं बोलणं निघालं. तिथेच असलेला तेत्सुया नोमुरा म्हणाला, मला करू द्या. नोमुरा तोवर ‘फायनल फँटसी ७’च्या पात्रांचा चित्रकार म्हणून माहीत होता, दिग्दर्शन त्याने केलं नव्हतं. पुढे डिस्नीच्या एका अधिकाऱ्याशी हाशिमोतोंची गाठ पडली ती चक्क लिफ्टमध्ये, कारण जपानमध्ये दोन्ही कंपन्या एकाच इमारतीत होत्या. नोमुराच्या मनात आधी लहान मुलांना झेपेल अशी साधी गोष्ट होती. साकागुचींनी बजावलं, की ‘फायनल फँटसी’च्या तोडीची कथा नसेल तर हे पडेल. पुढच्या वीस वर्षांच्या सगळ्या गुंतागुंतीचं खापर मी या एका सल्ल्यावर फोडते.

आणि मिकी? पहिल्या गेममध्ये तो अगदी शेवटी, जेमतेम क्षणभर दिसतो. त्या वेळी एवढीच परवानगी मिळाली होती. पण कथेत त्याचा काय सुरेख उपयोग झालाय बघा. सगळा गेमभर ‘राजा कुठाय’ म्हणून शोध चालतो, आणि राजा दिसतो तो दाराच्या पलीकडे, अंधाराच्या बाजूला. वृत्ताच्या बंधनातून ओवी बांधीव होते, तसंच काहीसं.

आता मूळ मुद्दा: शब्द. या मालिकेत ‘हार्ट’ हा शब्द इतक्यांदा येतो की लोक त्याची टिंगल करतात. मीही करायचे. पण जपानीत तिथे ‘कोकोरो’ आहे. कोकोरो म्हणजे हृदय, मन आणि अंतःकरण, तिन्ही एका शब्दात. इंग्रजीत ‘हार्ट’ म्हटलं की ते थोडं शुभेच्छापत्रासारखं वाटतं. मराठीत आपण काय म्हणू? ‘हृदय’ डॉक्टरांकडे गेलं, ‘मन’ फार हलकं, सारखं इकडेतिकडे जाणारं. मला ‘काळीज’ योग्य वाटतं. काळीज तुटतं, काळजाला लागतं, काळजाचा तुकडाही असतो. या गेममध्ये काळीज अक्षरशः शरीराबाहेर निघतं. ते अंधाराने गिळलं की त्याचा ‘हार्टलेस’ होतो. ‘निर्दय’ हे भाषांतर इथे साफ चुकेल. तो काळीज हरवलेला आहे, क्रूर नाही. आणि माणूस मनाचा खंबीर असेल तर मागे उरलेलं रिकामं शरीरही उठून चालू लागतं. त्याचं नाव ‘नोबडी’. कोणीच नाही.

पहिल्या गेममध्ये कायरीचं काळीज सोराच्या आत अडकलेलं असतं. ते सोडवायला सोरा स्वतःच्या छातीत चावी खुपसतो आणि क्षणात एक छोटा काळा हार्टलेस होऊन जातो. कायरी त्याला त्या रूपातही ओळखते, मिठी मारते आणि तो परत येतो. पहिल्यांदा खेळताना वाटतं, प्रसंग संपला. तीन वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये ‘किंग्डम हार्ट्स २’ आला आणि कळलं, की त्या क्षणी मागे एक ‘कोणीच नाही’ जन्मला होता. रोक्सास. इंग्रजीत ‘सोरा’ची अक्षरं उलटीसुलटी करा आणि त्यात एक ‘एक्स’ घाला, की त्याचं नाव तयार.

इथे माझी गोष्ट सांगायला हवी, कारण मी सुरुवातच दुसऱ्या भागापासून केली. दादाने जुना प्लेस्टेशन २ आणला होता, सोबत कव्हर नसलेली ही एक डिस्क. (कुठून आणली ते विचारू नका.) मी नऊ वर्षांची. पहिला भाग असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे रोक्सासच नायक, असं मी धरून चालले. सुट्टीचे शेवटचे सात दिवस, मित्र, समुद्रावर जायला पैसे जमवणं, घड्याळाच्या मनोऱ्यावर बसून खारं आईस्क्रीम. मग एकेक गोष्ट खोटी निघत जाते. गाव खोटं, मित्र खोटे, सगळं यंत्रातलं. रोक्सास आधी चिडतो, यंत्रं फोडतो. मग शांत होऊन झोपलेल्या सोराकडे बघतो आणि त्याच्यात विरून जातो. सोरा जागा होतो, आणि उरलेला गेम त्याचा. मी रडले. दादाला म्हटलं, हा दुसरा कोण आलाय, त्याला परत झोपव. समीक्षक म्हणतात, ही सुरुवात फार लांबली आहे. असेल. मला अजूनही वाटतं की मालिकेत याहून धाडसी काही नाही. नायक होण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न तिथे वाचणाऱ्याला नाही, हातात कंट्रोलर धरलेल्याला पडतो.

सोरा झोपला का होता, ते मात्र तिथे कळत नाही. ते २००४ च्या ‘चेन ऑफ मेमरीज’मध्ये आहे, आणि तो गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला. मारामारी पत्त्यांनी, आणि किल्ल्याचा एकेक मजला चढताना सोरा काहीतरी विसरत जातो. रोक्सासचे आधीचे दिवस २००९ च्या ‘३५८/२ डेज’मध्ये, निन्टेन्डो डीएसवर. सगळ्याच्या दहा वर्षं आधीची कथा ‘बर्थ बाय स्लीप’, २०१०, पीएसपीवर. मग २०१२ चा ‘ड्रीम ड्रॉप डिस्टन्स’ थ्रीडीएसवर. म्हणजे एक कादंबरी वाचायला पाच वेगवेगळे चष्मे घ्यायचे, आणि तेही महागडे. आमच्यासारखे ज्यांच्या घरी एकच जुनं यंत्र, त्यांनी ही गोष्ट यूट्यूबवर दुसऱ्यांना खेळताना बघून पुरी केली. २०१३ पासून एकत्र संच निघू लागले तेव्हा हा अन्याय थोडा कमी झाला. पण तेव्हा एक वेगळंच उघड झालं: पहिल्या गेमच्या मूळ फायली सापडेनात. बरंच काही बाजारात विकलेल्या प्रतींतून खणून पुन्हा बनवावं लागलं. हस्तलिखितं आणि पाठभेदांचा पेपर ज्यांना कंटाळवाणा वाटतो त्यांनी हे लक्षात घ्यावं. अकरा वर्षांत पोथी हरवली.

आता बैठकीतल्या वादाकडे. जानेवारी २०१९ मध्ये ‘किंग्डम हार्ट्स ३’ आला, आणि त्यात पुनर्कथनाचे दोन नमुने शेजारीशेजारी आहेत. ‘फ्रोझन’च्या जगात एल्साचं सगळं गाणं जवळजवळ सिनेमातल्यासारखं होतं आणि सोरा बाजूला उभा राहून बघतो. तो नसता तरी काही बिघडलं नसतं. उलट ‘टॉय स्टोरी’च्या जगात गोष्ट नवी आहे. अँडी गायब आहे, खेळणी वाट बघताहेत, आणि बझचा या पाहुण्यांवर विश्वास बसत नाही. सोडून दिलेल्या खेळण्याचं दुःख आणि काळीज म्हणजे काय हा मालिकेचा प्रश्न तिथे एकमेकांत मिसळतात. पात्र कोणाचं, या प्रश्नाला माझं उत्तर हेच: ज्याने त्याला नवीन अडचणीत टाकलं, त्याचं. निदान त्या गोष्टीपुरतं.

आवाजांचंही सांगते. इंग्रजीत सोराचा आवाज हेली जोएल ऑस्मेंटचा, ‘द सिक्स्थ सेन्स’मधला तो लहान मुलगा. २००२ मध्ये तो सोराएवढाच होता. तिसरा भाग आला तेव्हा तिशीला टेकलेला. सोरा अजून पोरगाच, पण आवाज मोठा झालेला ऐकू येतो. म्हाताऱ्या झेहानोर्टचा आवाज लिओनार्ड निमॉय यांचा होता. ते २०१५ मध्ये वारले आणि तिसऱ्या भागात रुटगर हाउअर आले. तेही त्याच वर्षी गेले.

चौथा भाग येणार असं एप्रिल २०२२ मध्ये, विसाव्या वाढदिवसाला जाहीर झालं. दाखवलेल्या तुकड्यात सोरा खऱ्यासारख्या दिसणाऱ्या शहरात एका फ्लॅटमध्ये जागा होतो.

आमच्या मेमरी कार्डवर दादाचा सेव्ह अजून आहे, शेवटच्या लढाईच्या अलीकडचा. पुढे तो बोटीवर नोकरीला लागला आणि ती लढाई राहिली. मी माझा गेम नेहमी दुसऱ्या जागी सेव्ह केला. तो नाताळला येतोय. कंट्रोलरचं एक बटण अडकतं, त्याआधी ते दुरुस्त करून घ्यायला हवं.