खाऱ्या हवेतला हेडबोर्ड

पलंगाच्या उशाकडे उभी असलेली पाठ म्हणजे हेडबोर्ड. दुकानात तो सजावटीची वस्तू म्हणून विकला जात असला तरी त्याची कामे साधी आहेत. उशी मागे घसरू नये, बसल्यावर पाठीला टेकू मिळावा आणि भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग पडू नयेत. थंड मुलखांत याखेरीज एक काम होते, गार भिंत आणि वाऱ्याचा झोत डोक्यापासून दूर ठेवण्याचे. कोकणात ती गरज कधी भासली नाही. म्हणूनच चटई, बाज आणि खाट यांना पाठ नसे. सागवानी पलंगाला चार कोपऱ्यांवर खांब असत, तेही मच्छरदाणीसाठी. उंच, रुंद हेडबोर्ड सामान्य घरांत शिरला तो बॉक्स पलंग आणि फ्लॅट यांच्या जोडीने.

पालघर तालुक्यातले घिवली हे तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळचे किनाऱ्यावरचे गाव. इथल्या माणसाला फर्निचरसाठी बोईसर जवळचे. तिथे मोबाईलवर दाखवली जाणारी छायाचित्रे मुंबई-पुण्यातलीच असतात. मखमली गादीचा हेडबोर्ड, वेताच्या जाळीचा, काळ्या लोखंडी सळ्यांचा, भिंतभर फळ्यांचा. छायाचित्रात हवा दिसत नाही, आणि घिवलीसारख्या गावात हेडबोर्ड किती वर्षे टिकेल हे ठरते ते हवेवरच. त्यामुळे इथे निवडीचा क्रम उलटा धरावा लागतो: आधी भिंत, मग साहित्य, मग माप आणि सर्वांत शेवटी शैली.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते खिडकीच्या गजांवर, भिंतीवर, कापडावर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरची आर्द्रता बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. म्हणजे पाऊस थेट लागला नाही तरी घरातल्या वस्तूंवर खाऱ्या पाण्याचा एक पातळ थर चार महिने राहतो. लोखंड गंजते, कापडाला कुबट वास येतो, कच्च्या लाकडावर बुरशी धरते ती यामुळे.

भिंतीचा प्रश्न याहून नेमका आहे. उत्तरेकडे डोके करून झोपू नये हा संकेत बहुतेक मराठी घरांत पाळला जातो, त्यामुळे पलंगाचे उसे दक्षिणेला किंवा पूर्वेला येते. मोसमी पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. दक्षिणेची भिंत घराची बाहेरची भिंत असेल, तर घरातली सर्वांत ओली भिंत आणि पलंगाचे उसे एकाच ठिकाणी येतात. संकेत मोडायचा नसेल तर पूर्वेची किंवा दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडता येते. तेही जमत नसेल तर हेडबोर्ड भिंतीला चिकटवू नये, मागे निदान दोन इंच जागा सोडावी आणि खालची कड जमिनीपासून चार बोटे वर ठेवावी, म्हणजे मागून हवा खेळते.

भिंत ओली आहे की नाही हे हात लावून नीट कळत नाही. प्लास्टिकचा हातभर चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला जमले तर ती हवेची. पहिल्या प्रकारात आधी गिलावा आणि बाहेरचा रंग दुरुस्त करावा लागतो. ओल झाकण्यासाठी भिंतभर फळ्या ठोकणे हा अलीकडे फार चाललेला प्रकार सर्वांत महाग पडतो, कारण दोन पावसाळ्यांनी फळ्या आणि भिंत दोन्ही उघडाव्या लागतात.

साहित्यात सागवानाचा मान पहिला, आणि तो नुसता रूढीने मिळालेला नाही. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि पाण्याने ते फारसे वाकत नाही. हा गुण फक्त गडद गाभ्याचा. साल लागून असलेले फिकट लाकूड इतर कोणत्याही लाकडासारखेच किडते. जव्हार, विक्रमगड, मनोर या पालघरच्या पूर्व पट्ट्यात सागाची जंगले आहेत, पण बाजारात मिळणारे बरेचसे सागवान आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या लागवडीतून आलेले असते. लवकर तोडलेल्या लागवडीच्या झाडात फिकट भाग जास्त असतो. फळी पॉलिश होण्यापूर्वी पाहावी असे जुने सुतार सांगतात ते एवढ्यासाठीच. पॉलिशचा रंग चढला की दोन्ही भाग सारखेच दिसतात.

सागवान घनफुटावर विकले जाते. पाच फूट रुंद, चार फूट उंच आणि एक इंच जाड हेडबोर्डाला पावणेदोन घनफुटांच्या आसपास लाकूड लागते. कापणीतली नासाडी धरली की दोन घनफूट किंवा थोडे अधिक. मिस्त्रीने चार घनफूट सांगितले तर हिशेब विचारायला हरकत नाही. एवढी रुंद फळी मात्र अखंड चिकटवून करू नये. लाकूड पावसाळ्यात आडव्या दिशेने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चौकट करून तिच्या खाचेत आतली फळी सैल बसवली तर तिला हलायला जागा राहते. खिळ्यांनी घट्ट जखडलेली फळी मार्च-एप्रिलमध्ये फुटते. जुन्या घराच्या दारांना आणि कपाटांना हीच रचना असते. असे जुने दार मिळाले, तर आडवे करून त्याचा उत्तम हेडबोर्ड होतो आणि लाकूड पुरते वाळलेले असल्याची खात्री आपोआप मिळते.

बहुतेक घरांत काम होते ते प्लायवूडमध्ये. दुकानातला ‘कमर्शियल’ प्लाय कोरड्या जागेसाठी असतो. त्याचा गोंद दमटपणात सुटतो. किनाऱ्यावर ‘मरीन’ म्हणजे आयएस ७१० मानकाचा प्लाय घ्यावा. त्याच्या चाचणीत प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि थर सुटले नाहीत तरच तो उत्तीर्ण होतो. मरीन हा शब्द नुसता छापलेला असून भागत नाही, शीटवर आयएसआयचे चिन्ह आणि मानकाचा क्रमांक हवा. भुशाचा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ घिवलीत घेऊच नये. पुसताना सांडलेले पाणीही त्यांच्या कडेत शिरते, कड पावासारखी फुगते आणि पुन्हा बसत नाही. तयार मिळणारे स्वस्त पलंग बहुधा याच साहित्याचे असतात.

प्लायच्या दर्शनी बाजूला सनमायका लावून मागची बाजू कोरी ठेवायची, ही मिस्त्रींची सवय पैसे वाचवते पण नुकसान करते. एका अंगाने झाकलेली शीट दुसऱ्या अंगाने ओल पिते आणि बाक धरते. मागे स्वस्तातला पातळ सनमायका किंवा निदान रंगाचे दोन हात, आणि चारही कडांना पट्टी, एवढे मागून घ्यावे. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. साध्या लोखंडी खिळ्याभोवती वर्षभरात काळे वर्तुळ उमटते.

गादी लावलेला हेडबोर्ड सध्या सर्वाधिक मागणीत आहे. टेकायला तो खरोखर सुखाचा, आणि किनाऱ्यावर सर्वांत अल्पायुषीही तोच. चामड्यासारखे दिसणारे पीयूचे कापड दमट हवेत रासायनिक रीतीने तुटत जाते आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे उशीवर पडू लागतात. मखमल धूळ आणि वास धरते. सुकटीच्या दिवसांत खिडक्या उघड्या असणाऱ्या घरात ही गोष्ट सांगावी लागत नाही. बटणे ठोकून केलेल्या खळग्यांत धूळ साचते ती ब्रशनेही निघत नाही. त्यातून मराठी डोक्याला खोबरेल तेल असतेच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही पुरुष केसांना भरपूर तेल लावत, म्हणून तिथे खुर्चीच्या पाठीवर धुता येणारे कापड अंथरण्याची पद्धत पडली. तीच युक्ती इथे चालते. गादी हवीच असेल तर सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाची चेनवाली खोळ शिवून घ्यावी, आत ३२ घनतेचा फोम पुरे होतो, आणि गादी पट्ट्यांनी अडकवावी म्हणजे काढून उन्हात टाकता येते.

लोखंडी हेडबोर्ड स्वस्त, हलका आणि ढेकणांना लपायला कमी जागा देणारा. त्याची नाजूक जागा म्हणजे वेल्डिंगचे सांधे. पावडर कोटिंग तिथेच आधी उडते आणि गंज तिथूनच धावतो. दर दोन वर्षांनी दिवाळीत घासून रेड ऑक्साईड आणि रंग देण्याची तयारी असेल तर तो वाईट नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये २०२ दर्जा समुद्रकाठी डागाळतो, ३०४ बरा, ३१६ उत्तम पण महाग. चुंबक लावून पाहण्याची दुकानदारी चाचणी इथे निरुपयोगी ठरते, कारण २०२ आणि ३०४ दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. बिलावर दर्जा लिहून घेणे हाच उपाय.

वेत आणि बांबू मराठी हवेला शोभतात. जाळीतून हवा जाते, उन्हाळ्यात पाठ घामेजत नाही. बांबूतल्या पिष्टाला मात्र भुंगा लागतो, म्हणून तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला असावा लागतो. पलंगाखाली सकाळी पिवळट भुकटी दिसू लागली, तर तो मुरवलेला नव्हता असे समजावे.

मापाकडे लोक कमी लक्ष देतात आणि तिथेच जास्त पस्तावतात. बोईसरच्या नव्या इमारतींतली बेडरूम पुष्कळदा दहा फुटांची, म्हणजे १२० इंचांची असते. पलंगाची लांबी ७८ इंच. चार इंच जाड हेडबोर्ड लावला तर पायथ्याशी ३८ इंच उरतात. बारा इंच खोल कप्पे असलेला लावला तर ३०. पायथ्याला दोन फुटी कपाट असेल तर पहिल्या प्रकारात आडवे होऊन जाता येते, दुसऱ्या प्रकारात पलंगावर चढून कपाट उघडावे लागते. अशा खोलीत कप्प्यांचा मोह सोडावा आणि सामान पलंगाच्या बॉक्समध्ये ठेवावे. उंचीचा हिशेब गादीच्या वरून करावा, जमिनीवरून नव्हे. बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत टेकू मिळायला गादीवर २० ते २४ इंच पाठ हवी. दुकानात पातळ गादीवर बरोबर वाटलेला हेडबोर्ड घरी आठ इंची गादी टाकल्यावर कंबरेपर्यंतच येतो. स्विचबोर्ड, खिडकीची चौकट आणि मच्छरदाणीचे हुक यांची मापे आधीच लिहून न्यावीत.

भिंतीला टांगायच्या हेडबोर्डाबाबत या जिल्ह्याला एक वेगळे कारण लागू आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यांतले काही चारच्या आसपास तीव्रतेचे होते. अशा जिल्ह्यात डोक्यावर काचेची तसबीर, देव्हारा किंवा पुस्तकांची फळी नको. वजनदार हेडबोर्ड पलंगालाच बोल्टने कसावा. तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेल्या भाडेकरूंनाही हेच सोयीचे, कारण घरमालक भिंतीला भोके पाडू देत नाहीत आणि बदली झाली की पलंग सुटा करून नेता येतो.

शैलीचा विचार आता करावा, आणि तो सोपा होतो. लहान खोलीत फिकट रंग आणि आडव्या रेषा, जुन्या सागवानी कपाटाशेजारी सागाचीच साधी चौकट, चकचकीत टाइल्सच्या फ्लॅटमध्ये सपाट सनमायका. खोलीत एकच गोष्ट उठून दिसावी. नक्षीदार पडदे, फुलांची चादर आणि कोरीव हेडबोर्ड एकत्र आले की खोली मंगल कार्यालयासारखी दिसते. या मुलखाची स्वतःची अशी शैली म्हणजे वारली चित्रकला, गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. छापील वारली स्टिकरपेक्षा स्थानिक चित्रकाराकडून प्लायवर काढून घेतलेले चित्र अधिक शोभते आणि त्याचा मोबदला योग्य हातात जातो.

खर्चाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त हेडबोर्ड रंगाचा. आतली कोरडी भिंत असेल तर पाच बाय चार फुटांचा चौकोन गेरू रंगात रंगवायला दोन हातांसाठी अर्धा लिटर रंग पुरतो. त्यावर दांडी लावून जाड सतरंजी किंवा गोधडी टांगली की टेकायलाही झाले. त्यानंतरची पायरी प्लायची. शीट आठ बाय चार फुटांची येते, म्हणून सहा फुटी पलंगाचा हेडबोर्डही एका शीटमध्ये बसतो. सव्वाचार फूट उंचीचा हट्ट धरला तर दुसरी शीट विकत घ्यावी लागते. चांगल्या आणि हलक्या प्लायमधला फरक एका शीटपुरताच असतो, मजुरी दोन्हींना सारखीच पडते. पैसे कमी असतील तर वरचा सनमायका साधा घ्यावा, आतला प्लाय नव्हे. सनमायका पुढे बदलता येतो.

काम पावसाळ्यात देऊ नये. ओल्या हवेत कापलेली फळी आणि लावलेले पॉलिश दोन्ही नंतर दगा देतात. गणपतीपूर्वी नवा पलंग हवा म्हणून घाई होते, पण किनाऱ्यावर सुतारकामाला खरे दिवस दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंतचे.