चक्रेश्वर, मोरेश्वर, संग्रामदुर्ग: नावांतले संधी

संस्कृतात दोन वर्ण अगदी निकट आले की त्यांचा उच्चार बदलतो. हा बदल म्हणजे संधी. पाणिनीने या निकटतेला ‘संहिता’ म्हटले आणि बदलांचे नियम मुख्यतः अष्टाध्यायीच्या सहाव्या व आठव्या अध्यायांत सांगितले.

माण ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात हे नियम गावोगावच्या नावांत भेटतात. चाकणचा चक्रेश्वर म्हणजे चक्र + ईश्वर, आळंदीचा सिद्धेश्वर म्हणजे सिद्ध + ईश्वर. ज्ञानेश्वर हे नावही तसेच. ‘अ’ म्हणताना तोंड उघडे असते, तर ‘ई’साठी जीभ टाळूकडे उचलली जाते. दोन्ही सलग म्हटले की जीभ मधल्या उंचीवर राहते आणि ‘ए’ उमटतो. हा गुणसंधी. ‘उ’ आला की याच रीतीने ‘ओ’ होतो: महा + उत्सव, महोत्सव. चिंचवडच्या मोरया गोसावींचे आराध्यदैवत, मोरगावचा मोरेश्वर, हे नाव तर विशेषच आहे. ‘मोर’ हा शब्द ‘मयूर’पासून प्राकृतातून आलेला, पण ‘ईश्वरा’शी जोडला गेला तो संस्कृत नियमाने.

‘इ’ किंवा ‘उ’पुढे निराळा स्वर आला, तर त्यांचे य् आणि व् होतात: प्रत्येक, स्वागत.

व्यंजनांचे आणि विसर्गाचे उदाहरण चाकणच्या किल्ल्याच्या नावात एकत्र सापडते: संग्रामदुर्ग. ‘सम्’मधला म् ओठांचा, पुढचा ग् कंठातला. ग् उच्चारण्याची तयारी आधीच सुरू होते आणि म् चा ङ् होतो. मराठीत तो अनुस्वाराने लिहितात. ‘दुः’पुढे मृदू ग् आल्याने विसर्गाचा र् झाला. कठोर क् पुढे मात्र ष् होतो, म्हणून दुष्काळ.

एका पदात, उपसर्ग व धातू यांत आणि समासात संधी आवश्यक; वाक्यातल्या सुट्या पदांत तो बोलणाऱ्याच्या इच्छेवर सोडलेला आहे.

मराठीची स्वतःची रीत वेगळी. नदी + आत याचे ‘नद्यात’ होत नाही, ‘नदीत’ होते. पुढचा स्वर गळतो. एक + एक याचे संस्कृतात ‘एकैक’, मराठीत ‘एकेक’. मराठी शब्दांवर संस्कृतचे नियम सरसकट लादणे म्हणूनच चूक आहे.

संधीचे तक्ते पाठ करून घेण्याआधी शिक्षकांनी मुलांना दोन्ही शब्द सलग, मोठ्याने म्हणायला लावावेत. बहुतेक नियम त्यांच्या जिभेलाच कळतील.