सोयाबीनमधलं जेनिस्टीन आणि प्रथिनांचा तपास

वाशीम जिल्ह्यात खरीप म्हणजे सोयाबीन. कारंजा असो की रिसोड, ऑगस्टमध्ये एखादं झाड हलक्या हाताने उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसतील. नखाने चिरली तर आत गुलाबी. त्यात राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. त्यांना बोलावतं खुद्द झाडच. मुळांतून जेनिस्टीन आणि डायडझीन हे रेणू मातीत झिरपतात, जिवाणूतल्या नॉड-डी या प्रथिनाला चेतवतात आणि गाठी धरवणारी जनुकं कामाला लागतात.

यातलं जेनिस्टीन प्रयोगशाळेत फार गाजलं. एखादं प्रथिन पेशीत काय करतं हे कळायला ते बंद पाडून काय अडतं ते पाहावं लागतं. जनुकच काढून टाकलं तर पेशी कधीकधी पर्यायी सोय लावून घेते. छोटा रेणू मात्र थोड्याच वेळात प्रथिनाला चिकटून त्याचं काम थांबवू शकतो. असा रेणू म्हणजे केमिकल प्रोब.

1987 मध्ये जपानच्या तेत्सु अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जेनिस्टीन टायरोसिन कायनेज ही प्रथिनं रोखतं. पेशीला वाढीचा निरोप पोचवणारी ही प्रथिनं अनेक कर्करोगांत बेताल होतात. त्यांना लागणाऱ्या एटीपीची जागाच जेनिस्टीन अडवतं. साहजिकच अनेकांनी ते वापरलं. पुढे कळलं, ते डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेजलाही अडवतं, इस्ट्रोजेनच्या ग्राहीलाही चिकटतं. मग पेशींची वाढ थांबली ती नेमकी कशामुळे?

इथे डायडझीन मदतीला येतं. त्यात ऑक्सिजनचा एकच अणू कमी, पण कायनेजवर त्याचा प्रभाव जवळपास नाही. दोघांचा परिणाम सारखाच दिसला, तर कायनेजवर बोट ठेवता येत नाही. उलट एकट्या जेनिस्टीनने परिणाम दाखवला तरी कायनेज सिद्ध होत नाही, टोपोआयसोमरेज उरतंच. म्हणून वेगळ्या घडणीचा दुसरा प्रोबही लावून पाहावा, हा आग्रह मला रास्त वाटतो.

2015 मध्ये प्रोबची पारख करणारं 'केमिकल प्रोब्स पोर्टल' सुरू झालं. आज चांगल्या प्रोबने भाऊबंद प्रथिनांपेक्षा आपलं लक्ष्य किमान 30 पट जोराने धरावं, पेशीत 1 मायक्रोमोलरच्या आत काम करावं, अशी अपेक्षा असते. जेनिस्टीन प्रयोगांत सर्रास याच्या दहापट किंवा अधिक वापरलं जाई.

तेव्हा 'सोयाबीनमधल्या घटकाने कर्करोगाच्या पेशी थांबल्या' अशी बातमी वाचाल, तर तीन गोष्टी जरूर शोधा: मात्रा किती होती, कोणतं प्रथिन अडलं आणि सोबत डायडझीन लावून पाहिलं होतं का.