मानेंतून उठणारी डोकेदुखी

डोकें दुखूं लागलें कीं आपल्या घरांतून त्याचीं कारणें शोधावीं लागत नाहींत. तीं तयारच असतात. पित्त झालें असेल, ऊन लागलें असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग सुंठेचा लेप होतो, अमृतांजन चोळलें जातें, आणि अखेर ‘अर्धशिशीच ती, जन्माची सोबतीण!’ असें म्हणून दुखणाइतास अंधाऱ्या खोलींत निजवितात. परंतु कांहींजणांच्या डोकेदुखीचें मूळ डोक्यांत मुळींच नसून मानेंत असतें, ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांतूनहि फारशी ठाऊक नाहीं. आणि तेवढ्यामुळें कित्येकांचीं वर्षेंच्या वर्षें भलत्याच उपचारांत जातात.

मान दुखावली असतां कपाळ कां ठणकावें? मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्या आणि चेहऱ्याची व कपाळाची संवेदना वाहणारा पांचवा मस्तिष्कतंतु, हे मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशीं एकाच पेशीसमूहास येऊन मिळतात. दोन वाड्यांची देवडी एकच असावी आणि हांक कोणत्या वाड्यांतून आली हें पहारेकऱ्यास उमगूं नये, तसें मेंदूचें होतें. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधील सांध्याची कुरकुर त्याला डोळ्यामागून आल्यासारखी वाटते. नॉर्वेमधील मज्जाविकारतज्ज्ञ ओटार शोस्ताद यांनीं १९८३ सालीं या विकारास स्वतंत्र नांव दिलें.

हें दुखणें बहुधा एकाच बाजूस असतें. मानेंत सुरू होऊन पुढें सरकतें. आणि मान फार वेळ एकाच स्थितींत ठेविल्यानें, मग तें शिवण असो वा संगणक, बळावतें. परीक्षेची एक साधी रीत आहे. उपचारक रोग्याची हनुवटी छातीकडे पूर्ण वांकवून मग डोकें दोन्ही बाजूंस वळवून पाहतो. या स्थितींत निरोगी मान प्रत्येक बाजूस सुमारें ४४ अंश वळते. एका बाजूस ती बरीच अलीकडे अडली, तर पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधील सांध्याचा संशय येतो.

हस्तोपचार म्हणजे चंपी नव्हे. रोग्यास पालथें निजवून, अंगठ्याच्या टोकांनीं एकेका मणक्यावर हलके, लयबद्ध दाब दिले जातात. ‘हेंच तें माझें डोकें दुखणें’ असें रोगी ज्या जागीं म्हणेल, तेथें काम चालतें. ऑस्ट्रेलियांतील जेफ्री मेटलंड यांनीं १९६४ सालीं या विद्येवर ग्रंथ लिहिला. त्याच देशांत ग्वेंडोलेन जुल व त्यांचे सहकारी यांनीं दोनशें रोग्यांचे चार गट करून सहा आठवडे उपचार केले व २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. हस्तोपचार घेतलेल्यांची डोकेदुखी कमी झाली. केवळ व्यायाम केलेल्यांचीहि झाली. आणि वर्षभरानंतरहि हा गुण टिकून होता. दोन्ही एकत्र केल्यानें फार मोठा फरक पडला नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

आम्हांस तर त्या व्यायामाचेंच कौतुक वाटतें. उताणें निजावयाचें, मानेखालीं हवेची छोटी पिशवी ठेवावयाची, आणि वडीलधाऱ्यांस होकार द्यावा इतकीच हनुवटी लववावयाची. पिशवींतील दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरांपासून दोन-दोननें ३० पर्यंत न्यावयाचा. जोर केला कीं फुकट गेलें; कारण मग खोल स्नायु निजून राहतात आणि बाहेरचे दांडगे स्नायुच काम उरकतात.

आतां भयाची बाजू. मेंदूस रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर चढतात. मानेस एकाएकीं हिसका बसल्यास त्यांचें आंतील अस्तर क्वचित् फाटतें, तेथें रक्ताची गुठळी होते आणि पक्षाघातापर्यंत पाळी येते. असें विरळाच घडतें, पण घडतें. डोकें अकस्मात् कधीं नव्हे इतकें दुखलें, ताप येऊन मान ताठली, बोलणें अडखळलें, एकास दोन दिसूं लागलें, किंवा पन्नाशीनंतर नवीनच डोकेदुखी सुरू झाली, तर मानेस कोणासहि हात लावूं न देतां आधीं डॉक्टर गांठावा.

केस कापून झाल्यावर ‘कट्’ असा आवाज काढून मान मोडून घेण्याची हौस आम्हांसहि पुष्कळ वर्षें होती. धमन्यांची ही हकीगत वाचल्यापासून आम्ही न्हाव्याचे हात विनयानें बाजूस सारतों. तो हंसतो, आणि खांदे तेवढे रगडून देतो.