सिंदेवाहीत आकाशातून रिंग पडणार, हे आधी का कळलं नाही? कारण आहे वरची विरळ हवा

सिंदेवाही (जि. चंद्रपूर) : २ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी विदर्भात अनेकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. त्यानंतर सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भली मोठी रिंग पडलेली सापडली. तज्ज्ञांच्या मते तो चिनी रॉकेटचा भाग होता. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण एवढी मोठी वस्तू येणार हे आधी कळलं कसं नाही?

एका मिनिटाची चूक, पावणेपाचशे किमी

पृथ्वीभोवती फिरणारा असा तुकडा सेकंदाला सुमारे ७.८ किमी वेगाने धावतो. वेळेचा अंदाज एका मिनिटाने चुकला तरी पडण्याची जागा पावणेपाचशे किमीने बदलते. आणि तो कधी खाली येणार, हे ठरवते वरची विरळ हवा.

जमिनीजवळ हवेचा कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा सरकला की दुसऱ्या कणाला धडकतो. म्हणून इथली हवा पाटाच्या पाण्यासारखी दगडाला वळसा घालून वाहते. १०० किमी उंचीवर हेच अंतर १० सेंमीच्या पुढे जातं, आणखी वर काही मीटर होतं. तिथे कण एकेक करून आदळतात, जशा पत्र्यावर गारा. त्यामुळे तुकड्याला ब्रेक किती लागेल, तो किती तापेल, याचं नेहमीचं गणित तिथे चालत नाही.

प्रयोग कसा करतात?

मोठ्या टाकीतली हवा पंपाने ओढून घेतात. मग दाबाखालचा वायू तोटीतून टाकीत सोडतात. तो पसरून विरळ होतो आणि प्रचंड वेगाने छोट्या मॉडेलवर आदळतो. काही यंत्रांत ही चाचणी सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपते. तेवढ्यात सेन्सर उष्णता आणि दाब टिपतात. मॉडेल लहान असलं तरी चालतं, कारण कणांमधली धाव आणि वस्तूचा आकार यांचं प्रमाण जुळणं महत्त्वाचं. अतिवेगाच्या हवेची चाचणी घेणारी यंत्रं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि तिरुअनंतपुरमला इस्रोच्या केंद्रात आहेत.

तरीही अंदाज पक्का का नाही? सूर्याचा जोर वाढला की वरची हवा फुगते, आणि तुकडाही गोलांट्या घेत येतो.

अशी वस्तू सापडली तर हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. आत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लगेच पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला कळवा.