पिकत्या फळाचा सुगंध कसा घडतो?

हिरव्या केळ्याला केळ्याचा वास नसतो. साल काढली तरी जाणवतो तो चिकाचा आणि हिरवट उग्रपणाचा. तेच केळे पिवळे पडले की त्याचा घमघमाट बंद पिशवीतूनही बाहेर येतो. हा सुगंध फळात आधीपासून साठवलेला नसतो. फळ पिकू लागले की तो नव्याने तयार होतो. त्यासाठी लागणारा बराचसा कच्चा माल म्हणजे अमिनो आम्ले, अर्थात ज्यांच्यापासून प्रथिने बनतात ते घटक.

केळे, आंबा, सफरचंद, टोमॅटो ही फळे झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. त्यांना पिकण्याचा इशारा इथिलीन या वायूकडून मिळतो. पिकणारी सफरचंदे हा वायू स्वतःच सोडतात, हे इंग्लंडमध्ये आर. गेन यांनी १९३४ साली सिद्ध केले. इथिलीनचा उगमही एका अमिनो आम्लातच आहे. मेथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून आधी ‘एसीसी’ हा पदार्थ तयार होतो आणि त्याचे इथिलीन होते. यातला एसीसीचा दुवा कॅलिफोर्नियात शांग फा यांग आणि त्यांचे सहकारी डग्लस अ‍ॅडम्स यांनी १९७९ मध्ये शोधला. या प्रक्रियेत मेथिओनिनमधला गंधकाचा भाग वाया जात नाही. त्यापासून पुन्हा मेथिओनिन बनते. म्हणून थोड्याशा साठ्यातूनही फळ भरपूर वायू तयार करू शकते. आंब्याची अढी पेंढ्याने झाकतात तेव्हा हाच वायू आत कोंडून राहतो आणि सगळे आंबे पिकायला लागतात.

इथिलीनचा इशारा मिळताच फळाचा श्वसनवेग वाढतो, पिष्टाची साखर होते, गर मऊ पडतो आणि सुगंध घडवणारी विकरे कामाला लागतात. केळ्याचा ओळखीचा वास मुख्यतः आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा असतो. त्याची सुरुवात ल्युसिन या सहा कार्बन अणूंच्या अमिनो आम्लापासून होते. पहिले विकर ल्युसिनमधला नायट्रोजनयुक्त गट काढून दुसऱ्या रेणूला देते. उरलेल्या भागातून एक कार्बन अणू कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो आणि पाच कार्बनचे अल्डिहाइड उरते. पुढचे विकर त्याचे अल्कोहोल करते. शेवटचे विकर या अल्कोहोलला दोन कार्बनचा अ‍ॅसिटेट गट जोडते आणि सात कार्बनचे एस्टर तयार होते. ते सहज उडून जाणारे असल्यामुळे लगेच नाकापर्यंत पोहोचते. १९७०च्या दशकात संशोधकांनी पिकत्या केळ्याच्या चकत्यांना किरणोत्सारी कार्बन असलेले ल्युसिन दिले. तोच कार्बन पुढे सुगंधी द्रव्यांत सापडला, आणि हा मार्ग पक्का झाला.

आणखी काही अमिनो आम्लेही अशाच वाटेने जातात. व्हॅलिनपासून आयसोब्युटाइल अ‍ॅसिटेट मिळते; तेही केळ्यात असते. आयसोल्युसिनपासून बनणारी एस्टरे सफरचंदाला गोडसर वास देतात. फिनाइलअ‍ॅलॅनिनचा मार्ग वेगळा आहे. त्यापासून टोमॅटोत फिनाइलइथेनॉल तयार होते, जे गुलाबाच्या वासातही असते. पिकलेल्या केळ्यात सापडणारा युजेनॉल, म्हणजे लवंगेचा मुख्य सुगंधी घटक, यालाही फिनाइलअ‍ॅलॅनिनच लागते. खरबुजाच्या वासात मिसळलेली गंधकयुक्त द्रव्ये मात्र मेथिओनिनपासून येतात. एकच अमिनो आम्ल अशा रीतीने पिकण्याचा इशाराही देते आणि वासही.

फळांचा सगळाच सुगंध अमिनो आम्लांचा नसतो. सफरचंदातली कित्येक एस्टरे मेदाम्लांपासून बनतात. हापूसच्या वासात टर्पिन, लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या गटांतल्या द्रव्यांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. एका फळाच्या वासात शेकडो द्रव्ये असू शकतात, पण त्याची ओळख ठरवणारी थोडीच असतात.

सुगंध ऐनवेळी घडत असल्यामुळे तो बिघडतोही सहज. टोमॅटो ५ अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवला, तर त्यातली साखर आणि आम्ले फारशी बदलत नाहीत, पण सुगंधी द्रव्ये बरीच घटतात. ती बनवणारी जनुके थंडीने मंदावतात, असे फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांना २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. केळे १३ अंशांखाली राहिले तर साल काळी पडते आणि पिकणेही बिनसते. पूर्ण तयार न झालेले फळ लवकर उतरवले तर त्याला इथिलीन देऊन रंग आणता येतो, पण वास कमीच राहतो. फळ जून झाल्यावर उतरवले आणि ते फार थंडीत ठेवले नाही, तर विकरांना लागणारा कच्चा मालही असतो आणि काम करायला वेळही मिळतो.