भिंतीतला ओव्हन आणि जमिनीतले अर्थिंग : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

नांदेड-लातूर रस्त्यावरील लोह्यासारख्या तालुक्याच्या गावीही नव्या घरांच्या मॉड्युलर स्वयंपाकघरात फर्निचरमध्येच बसवलेला विजेचा ओव्हन, म्हणजे दुकानदारांच्या भाषेतला ‘बिल्ट-इन ओव्हन’, हळूहळू जागा धरू लागला आहे. दिवाळीत नानकटाईचे पीठ डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचे आणि भाजून आणायचे, या जुन्या रिवाजाची जागा काही घरांत आता तो घेतो. मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा कप्पा, वर-खाली तापणाऱ्या नळ्या म्हणजे एलिमेंट, मागे हवा फिरवणारा पंखा आणि तापमान ठरावीक अंशावर राखणारा थर्मोस्टॅट, एवढीच त्याची रचना असते. मात्र साधारण अडीच ते साडेतीन किलोवॉट वीज ओढणारे आणि २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारे हे उपकरण लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या कपाटात कोंडलेले असते. त्याच्या निगेविषयी जे सांगितले जाते त्याचा बहुतेक भर आतल्या सफाईवर असतो. मराठवाड्यातल्या घरात मात्र ओव्हन सुरक्षित आहे की नाही हे प्रामुख्याने भिंतीमागच्या वायरिंगवर आणि अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर ठरते, आणि सर्वांत घातक गैरसमजही त्याच दोन जागांविषयी आहेत.

पहिला गैरसमज असा की प्लगला तीन पिना असल्या म्हणजे अर्थिंग आपोआप मिळते. अर्थिंग म्हणजे उपकरणाच्या धातूच्या अंगापासून जमिनीत पुरलेल्या नळीपर्यंत किंवा पट्टीपर्यंत जाणारी अखंड तार. आत फेजची तार सुटून पत्र्याला लागली, तर तो प्रवाह माणसाच्या अंगातून न जाता या तारेने जमिनीत जावा, हा तिचा हेतू. सॉकेटचे वरचे मोठे भोक हे या तारेचे केवळ तोंड असते, आणि मागे तार जोडलेलीच नसेल तर ते नुसते भोकच राहते. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती सॉकेट ६ आणि १६ अँपिअर अशा दोन क्षमतांचे असतात. ओव्हनला १६ अँपिअरचे, म्हणजे बोलीतले ‘पॉवर पॉइंट’, लागते, आणि जास्त क्षमतेचा ओव्हन कंपनीने सांगितले असेल त्याप्रमाणे स्वतंत्र स्विचवर थेट जोडावा लागतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे घराला अर्थिंगच नसताना सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या खुंटीवरून अर्थच्या खुंटीवर तारेचा छोटा तुकडा टाकून वेळ मारून नेणे. असे केल्यावर ओव्हन चालतो, टेस्ट लॅम्प लावला तर दिवाही लागतो, त्यामुळे ‘अर्थिंग आहे’ असा सर्वांचा समज होतो. पण मीटरपासून सॉकेटपर्यंत कुठेही न्यूट्रलचा सांधा सुटला, तर फेजचा दाब एलिमेंटमधून फिरून न्यूट्रलवर आणि त्या तुकड्यातून थेट ओव्हनच्या पत्र्यावर येतो; म्हणजे ओव्हनमध्ये काहीही बिघाड नसताना त्याच्या दाराच्या मुठीवर २३० व्होल्ट उभे राहतात. टेस्ट लॅम्पला खरे अर्थिंग आणि हा जुगाड यांतला फरक कळत नाही, म्हणून ओव्हन बसवण्यापूर्वी परवानाधारक तारतंत्रीकडून सॉकेट उघडून पाहणे आणि जमिनीचा रोध अर्थ टेस्टर या उपकरणाने मोजून घेणे, याला पर्याय नाही.

अर्थिंग एकदा पुरले की जन्मभर पुरते, हा दुसरा गैरसमज आणि मराठवाड्यापुरता कदाचित सर्वांत महत्त्वाचा. अर्थिंगविषयीच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकात नळीच्या अर्थिंगसाठी किमान ३८ मिलिमीटर आतील व्यासाची आणि अडीच मीटर लांबीची जस्तलेपित नळी सांगितली आहे. जुन्या रीतीत तिच्याभोवती मीठ आणि कोळशाचे थर देतात, कारण मातीतून वीज वाहते ती मुख्यतः ओलाव्यामुळे आणि त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. या भागातली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण तीच माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि नळीभोवती पोकळी तयार होऊन मातीचा धातूशी असलेला स्पर्शच सुटतो. जिथे मातीचा थर पातळ आहे तिथे खाली मुरूम आणि बेसॉल्ट लागतो, आणि कोरड्या खडकाचा रोध मातीच्या मानाने कितीतरी जास्त असतो. परिणामी पावसाळ्यात चाचणीत उत्तम ठरलेले अर्थिंग मे महिन्यात जवळजवळ निकामी झालेले असू शकते. खड्ड्यात पाणी घाला हा सल्ला सगळेच देतात. परंतु एप्रिल २०१६ मध्ये ज्या प्रदेशात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याची आठवण कोणाला राहणार, हेही समजून घेतले पाहिजे. त्यावर साधा उपाय असा की पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारे क्षारयुक्त पाणी नळीने त्या खड्ड्याकडे वळवावे. मिठाने जस्ताचा लेप झिजतो आणि नळी गंजते, त्यामुळे जुन्या अर्थिंगची मोजणी दरवर्षी, आणि तीही ऐन उन्हाळ्यात, करून घ्यावी.

‘एमसीबी आहे ना, शॉक कसा बसेल?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतही ऐकू येतो. एमसीबी हा स्विच प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की पडतो. तो तारांना जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो, माणसाला वाचवण्यासाठी नव्हे. याचा हिशेब सोपा आहे. अर्थिंगचा एकूण रोध २० ओहम असेल आणि फेज ओव्हनच्या पत्र्याला लागला, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा नेहमीचाच भार आहे, त्यामुळे तो पडणार नाही आणि ओव्हनचे अंग धोकादायक दाबावर तसेच राहील. माणसाच्या जिवाला मात्र अँपिअरच्या हजारांश हिश्शांत मोजला जाणारा प्रवाहही पुरेसा ठरतो. म्हणून आरसीसीबी हा वेगळा स्विच लागतो. तो जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहतो आणि दोहोंत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या तिपटीइतका, फरक दिसताच वीज तोडतो. वरच्या उदाहरणात तो क्षणार्धात पडला असता, आणि अर्थिंगचा रोध १०० ओहमपर्यंत वाढलेला असता तरी पडला असता. त्याच्यावर ‘टी’ अक्षराचे जे बटण असते ते शोभेचे नसून महिन्यातून एकदा दाबून पाहण्यासाठी असते. दाबल्यावर स्विच पडला नाही तर तो बदलायला हवा.

याच आरसीसीबीविषयी आणखी एक समज दिवाळीच्या सुमारास डोके वर काढतो. जूनपासून बंद असलेला ओव्हन नानकटाईसाठी लावला जातो, पाच-दहा मिनिटांत घरभरची वीज जाते, आणि मग ‘हा स्विचच नाजूक आहे’ असे ठरवून तो काढून टाकला जातो किंवा त्याला बगल दिली जाते. खरे कारण बहुधा एलिमेंटमध्ये असते. एलिमेंटच्या नळीत तापणारी तार आणि बाहेरचा धातू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ती वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते, पण हवेतला ओलावाही शोषते. पावसाळाभर वापर नसला की टोकांच्या सीलमधून दमटपणा आत शिरतो, पुडीची वीज अडवण्याची क्षमता घटते आणि थोडा प्रवाह अंगावर गळू लागतो. आरसीसीबी पडला तो हे ओळखल्यामुळे, म्हणजे त्याने आपले काम चोख केले. अशा वेळी तंत्रज्ञाकडून इन्सुलेशनचा रोध मोजून घ्यावा आणि तोपर्यंत ओव्हन बंद ठेवावा. हा प्रसंग टाळणे मात्र घरातल्या कोणालाही जमण्यासारखे आहे : पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा रिकामा ओव्हन शंभर-सव्वाशे अंशांवर वीसेक मिनिटे चालवला की एलिमेंट कोरडे राहते.

कमी दाबाने ओव्हनचे काही बिघडत नाही, फार तर वेळ लागतो, हा समज अर्धा खरा आहे. एलिमेंटची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर शक्ती सतरा टक्क्यांनी नव्हे, तर सुमारे बत्तीस टक्क्यांनी घटते, आणि १७० व्होल्टवर जेमतेम पंचावन्न टक्के उरते. शेतीपंप सुरू असताना हा अनुभव गावोगावी येतो. पुस्तिकेत दहा मिनिटे तापवा असे लिहिलेले असते म्हणून घड्याळ पाहून केक आत ठेवला, तर तो मध्यभागी बसतो आणि दोष पाककृतीला दिला जातो. ठरलेले तापमान आल्यावर जो निर्देशक दिवा विझतो, त्याचीच वाट पाहावी. भिंतीतल्या तारेचे काम वेगळे आहे. तीन किलोवॉटचा ओव्हन सुमारे तेरा अँपिअर सलग तास-दीड तास ओढतो, तेव्हा तांब्याची तार अडीच चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी, अंतर लांब असेल तर चार चौरस मिलिमीटरची घ्यावी, आणि त्याच पॉइंटवर गिझर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच लावू नये. वापरानंतर प्लग हाताला चटका देण्याइतका गरम लागणे किंवा पिनांभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक पिवळे-तपकिरी होणे ही सांधा ढिला असल्याची खूण आहे. घरांतल्या विजेच्या अनेक आगींची सुरुवात अशाच सांध्यांपासून होते. महावितरणच्या बिलावर छापलेला मंजूर भार ओव्हन घेण्यापूर्वी वाचणेही तितकेच गरजेचे आहे.

कपाटाविषयीचा गैरसमज वाळवीतून आला आहे. वाळवीच्या त्रासाला कंटाळून अनेक घरमालक लाकडाऐवजी पीव्हीसीच्या तक्त्यांचे स्वयंपाकघर करून घेतात, आणि वाळवीपुरता तो निर्णय शहाणपणाचाच असतो. परंतु साधे पीव्हीसी सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते, तर ओव्हन बसवण्याच्या पुस्तिकांत भोवतालचे कपाट आणि त्यातला गोंद सामान्यतः नव्वद-पंच्याण्णव अंश सहन करणारा असावा असे म्हटलेले असते. म्हणून निदान ओव्हनचा कप्पा तरी उष्णता सोसणाऱ्या प्लायचा करावा, मागची फळी काढावी आणि पुस्तिकेत सांगितलेली हवेची फट सुताराला मोजून ठेवायला लावावी. झुरळे येतात म्हणून ती फट सिलिकॉनने बुजवणे म्हणजे ओव्हनचा श्वास कोंडणे होय. ओव्हन बंद केल्यावरही काही वेळ फिरणारा पंखा कपाट आणि आतली विद्युतयंत्रणा थंड करत असतो, त्यामुळे आवाज येतो म्हणून मुख्य स्विच लगेच बंद करू नये.

वीज जाऊन परत येणे जिथे नेहमीचे आहे, तिथे दोन गोष्टी माहीत असाव्यात. घड्याळ असलेल्या अनेक ओव्हनमध्ये वीज जाऊन परत आल्यावर आकडे लुकलुकतात आणि वेळ पुन्हा लावेपर्यंत ओव्हन तापत नाही. तो बिघाड नसतो, आणि त्यासाठी तंत्रज्ञाला नांदेडहून बोलावण्याची गरज नसते. केवळ फिरवायच्या बटणांचा ओव्हन मात्र वीज येताच, घरात कोणी असो वा नसो, पुन्हा तापू लागतो. म्हणून वीज गेली की बटण आधी शून्यावर आणावे.

सफाईबाबत थोडक्यात सांगता येईल. तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल अंथरल्याने ओव्हन स्वच्छ राहतो असे मानले जाते. प्रत्यक्षात तिच्याखाली उष्णता कोंडून मुलामा तडकतो आणि हवा नीट फिरत नाही. सांडण्याची भीती असल्यास पदार्थाच्या खालच्या जाळीवर ताट ठेवावे. दाराची काच टफन केलेली, म्हणजे विशेष प्रकारे तापवून मजबूत केलेली, असते, पण तारेच्या घासणीने तिच्यावर पडलेला ओरखडा किंवा कडेला बसलेला टवका पुढे कधीतरी, अगदी ओव्हन थंड असतानाही, संपूर्ण काच फुटायला कारण होऊ शकतो. त्यामुळे थंड काचेवर खाण्याच्या सोड्याचा ओलसर लेप अर्धा तास ठेवून मऊ कापडाने पुसणे चांगले. बाथरूमचे ॲसिड तर स्वयंपाकघरात आणूच नये. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरच्या बोळ्याने निघतात.

आत तूप किंवा कागद पेटला की दार उघडून पाणी मारावे, ही आणखी एक घातक समजूत होय. दार उघडताच ज्वालेला नवी हवा मिळते, आणि तापलेल्या तुपावर पडलेले पाणी क्षणात वाफ होऊन पेटते थेंब बाहेर उडवते. दार बंदच ठेवून बटण शून्यावर आणावे, एमसीबी पाडावा आणि आग आपोआप विझू द्यावी. धूर थांबून ओव्हन निवेपर्यंत दाराला हात लावू नये, आणि ज्वाला कपाटाला लागत असतील तर माणसांना बाहेर काढून अग्निशमन दलाला कळवावे. ओल्या फडक्याने तापलेला ट्रे धरणे हेही भाजण्याचे नेहमीचे कारण आहे, कारण पाणी कोरड्या सुतापेक्षा उष्णता फार लवकर हातापर्यंत पोचवते. भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, शाई किंवा बर्फ न लावता अंगठी-बांगड्या लगेच काढाव्यात आणि ती जागा साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. टंचाईच्या दिवसांत नळाला पाणी नसेल तर तांब्याने संथ धार सोडावी. फोड तळहाताएवढा असेल, अथवा चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, तर स्वच्छ कोरडे कापड सैल गुंडाळून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जावे. गंभीर रुग्णाला तिथून नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवता येते.